ताडाची खूण

नारळी पौर्णिमा, संध्याकाळ. माहेराहून, मुरब्याहून परत आल्यावर.

चहा केला तो तसाच गार झाला. तो ताड डोळ्यांपुढून हलत नाही.

लहानपणी बाबांनी खूण सांगितली होती. समुद्रातून बघताना किनाऱ्यावरचा एकटा ताड डोंगराच्या खाचेत आला, की होडीखाली खडक, आणि घोळ मासा तिथेच. घराबाहेर सांगायची नाही, अशी शपथ घातली होती. सासरची होडी रिकामी यायची, तेव्हाही मी यांना सांगितली नाही. कसं सांगणार?

आज नारळ वाहून झाल्यावर भाऊ हौसेने मला होडीतून घोळीच्या त्या खडकापाशी घेऊन गेला. होडी थांबली तेव्हा ताड खाचेपासून कितीतरी लांब. मी म्हटलं, चुकलास. तो सहज म्हणाला, "ती खूण बाबा पोरींना सांगायचा, ताई. तुमी परक्या घरी जाणार. खरी येगळी हाय." कोणती, ते त्यानेही सांगितलं नाही.

बाबा जिवंत असते तर विचारलं असतं. की नसतंच विचारलं? मांडीवर घेऊन सांगितलं होतं मला, ताडाकडे बोट दाखवून.

मघाशी यांनी विचारलं, समुद्रात काय पाहिलंस? म्हटलं, ताड अजून तिथेच आहे.