दर अर्ध्या तासाची घंटा

सेक्टर २२, चंदीगड
१८ नोव्हेंबर २०२५

ती. नलूताईस,

नमस्कार. लांबूनच करते, जवळ असते तर आधी पाठीत धपाटा बसला असता. तुझे सात फोन उचलले नाहीत. पत्र बघून घाबरू नकोस. मी बरी आहे, नुसते पाय सुजतात.

त्याचीच गंमत सांगते. आमच्या ऑफिसात बसून बसून दोघांना शुगर निघाली, एकाची कंबर धरली. मग साहेबांनी फर्मान काढलं, दर अर्ध्या तासाने सगळ्यांनी उठायचं, दोन मिनिटं चालायचं. उठवायचं काम माझ्या गळ्यात, कारण बदली होऊन आलेली सगळ्यात नवी मीच. शाळेतल्या शिपायासारखी घंटा हलवते. शेजारच्या टेबलावरच्या परमिंदरजी कुरकुरतात, "मेघनाजी, अभी तो बैठी थी यार!" पण उठतात. मग सगळ्याजणी खिडकीपाशी पंजाबीत हसतात. मला निम्मं कळतं, उरलेल्यावर उगाच हसते.

संध्याकाळी खोलीवर मात्र कुणी उठवणारं नाही. बसते ती बसतेच. परवा जेवायचंही राहून गेलं. तुझा फोन वाजतो आणि मी त्याच्याकडे बघत राहते. फार एकटं वाटतं गं.

काल परमिंदरजींनी विचारलं, "सबको उठाती हो, खुद क्यों नहीं चलतीं?" मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. खरं म्हणजे घंटा वाजली की मला आपलं वाईचं घर दिसतं, आईची खाट आणि तुझ्या मोबाइलचा गजर. दर दोन तासांनी तू आईची कूस बदलायचीस आणि कॅलेंडरवर लिहायचीस, डावी, उजवी, डावी. तीन वर्षं, एकटीने.

मे महिन्यात मी चार दिवस आले होते. दुपारी जेवणं झाल्यावर तू म्हणालीस, "जरा पाठ टेकते. गजर झाला की हाक मार." मी आईच्या उशाशी लॅपटॉप घेऊन बसले होते, मीटिंग चालू होती. दोन वाजता गजर झाला.

मी तो बंद केला, ताई. मीटिंग संपली की उठू म्हटलं. ती संपली तर दुसरी फाइल उघडली. आई एकदा "नलू" म्हणाली. "हो, थांब," म्हणाले आणि बसूनच राहिले. साडेपाचला तू दचकून उठलीस, तेव्हा आईच्या कमरेवर लाल चट्टा होता. डॉक्टरांना तू सांगितलंस, "माझाच डोळा लागला, गजर ऐकूच आला नाही." मी शेजारी उभी होते.

त्या चट्ट्याची पुढे जखम झाली. आई त्या जखमेने गेली नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण शेवटचे दोन महिने तिने कळा सोसल्या, आणि तू अजून स्वतःला बोल लावतेस. तुझी चूक नव्हती गं. तू माझ्या भरवशावर झोपली होतीस.

ये म्हणायचा हक्क मला नाही, तरी म्हणते. माझ्या खिडकीत दुपारभर ऊन असतं. तिथे एक खुर्ची ठेवली आहे. येऊन नुसती बस. चहाला, दाराला, भांड्यांना मी उठेन. आणि यावंसं वाटलं नाही, तर शिव्या द्यायला तरी फोन कर. या वेळी पहिल्याच घंटेला उचलीन.

तेव्हा न उठलेली,
तुझी मेघना