एका हाताचं पिस्तूल

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

वडील बहीण ओपलताई हिला, तिच्याहून सहा वर्षांनी लहान आणि अजून तितकाच मठ्ठ असलेल्या मर्लचा डाव्या हाताने नमस्कार (उजवा हल्ली उचलतच नाही). तुझे गुडघे कसे आहेत? नेब्रास्कात बर्फ पडला का? इकडे वायोमिंगात नुसता वारा आहे. अक्षराला हसू नकोस. लहानपणी मी डाव्या हातात पेन्सिल धरली की तू पट्टी मारायचीस. त्या सगळ्या पट्ट्या आता परत घे.

पत्रास कारण आमची जोलीन. मे महिन्यात माझी नडीन देवाघरी गेली तेव्हापासून ही लेक मला डेनव्हरला न्यायच्या मागे लागली आहे. आठव्या मजल्यावर माझ्यासाठी खोली बघून ठेवली आहे म्हणे, खिडकीतून डोंगर दिसतात. (डोंगर खिडकीतून बघायला मी काय पाहुणा आहे?) तिचं म्हणणं, अर्धांगवायूने उजवा हात गेलेला म्हातारा, त्यातून एकटा, जवळचं घर तीन मैलांवर, कुणी आत शिरलं तर काय करणार? काय करणार ते या महिनाअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत सांगा, नाहीतर सामान बांधा. गेल्याच आठवड्यात शेजारच्या बार्कलीचा जनरेटर चोरीला गेला होता, त्यामुळे मला गप्प बसता येईना. मी म्हटलं, एका हाताने चालेल असं पिस्तूल घेतो आणि चोराला बघून घेतो. वडिलांचं रिव्हॉल्व्हर कपाटात होतंच, पण ते डाव्या हाताला जड होतं. नडीनशी लग्न झालं ते याच घरात ताई, ते सोडवत नाही.

म्हणून मंगळवारी सकाळी रॉइसच्या बंदुकांच्या दुकानात गेलो. रॉइस म्हणजे नडीनच्या मावशीचा नातू, तोच तो, आमच्या लग्नात केकवर बसला होता. आता त्याला टक्कल पडलंय. दुकानात शेगडीजवळ चार म्हातारे कॉफी पीत बसलेले असतातच आणि त्या चौघांकडे मिळून पाच मतं असतात. एक म्हणाला लहान घे, दुसरा म्हणाला लहान जास्त उसळतं, मोठं घे. तिसऱ्याने कुत्रा पाळायला सांगितलं. चौथा काही बोलला नाही, तो बहिरा आहे. त्याचंच म्हणणं मला सगळ्यांत पटलं.

आता गंमत अशी की पिस्तुलाचा वरचा पोलादी भाग एकदा मागे खेचल्याशिवाय पहिली गोळी नळीत चढत नाही आणि खेचायला दुसरा हात लागतो. ज्याला दुसरा हात नाही त्याने ते कमरेच्या पट्ट्याच्या कडेला अडकवून खाली दाबायचं, अशी युक्ती आहे. रॉइसने ते रिकामं असल्याचं दोनदा बघून माझ्या हातात दिलं. मी अडकवलं, दाबलं. पिस्तूल जागचं हललं नाही, पँट मात्र घोट्यापर्यंत गेली. (पट्टा मी सकाळी एका हाताने लावला होता, तो कितीसा लागणार?) आत नडीनने गेल्या नाताळात आणलेली चड्डी होती, लाल हरणांची. बहिरा म्हातारा जन्मात पहिल्यांदा मोठ्याने हसला.

मग रिव्हॉल्व्हर. त्यात खेचाखेची नाही, पण चाक उघडून त्यात गोळ्या एका हाताने भरायच्या, म्हणजे भरलेल्या ताटातून एका बोटाने भात खाण्यासारखं आहे. दोन गोळ्या शेगडीखाली घरंगळल्या आणि तिसरा म्हातारा पोटावर पडून त्या काढायला गेला, तो स्वतःच अडकला. दुकानामागे नेम धरून बघितला तर माझा कागद कोरा. शेजारी शिक्षिका हेझल सराव करत होती, तिच्या कागदावर तीन भोकं जास्तीची. ती म्हणाली, "मर्लकाका, आभारी आहे, आज माझा नंबर वर जाणार."

मी हसलो. खूप हसलो. आणि हसता हसताच, का ते कळेना, डोळे भरून आले. शर्टाच्या बाहीने पुसायला गेलो तर डावी बाही लोंबत होती. डाव्या बाहीचं बटण उजव्या हातालाच लावता येतं. ते रोज नडीन लावायची.

रॉइसने ते बघितलं. गिऱ्हाइकाला विचारतात त्या आवाजात नाही, वेगळ्याच आवाजात त्याने विचारलं, "काका, झोप लागते का?" मी म्हटलं, "झोपून उठायचं कशासाठी?" हे मी थट्टेतच म्हटलं. तो हसला नाही. रिव्हॉल्व्हर उचलून काचेच्या कपाटात ठेवलं, किल्ली खिशात टाकली आणि म्हणाला, "आज दुकान बंद." दुपारचे दोन वाजले होते आणि दारावर पाटी सहाची. मी रागारागाने घरी आलो.

तुझ्या गुडघ्यांना मोहरीचं तेल नको लावूस, त्यांना नुसता शेक दे. भाचरांना आशीर्वाद.

तुझा
मर्ल

ता. क. भोपळ्याची गोड पाई केली होती. मला भोपळ्याच्या गराचा डबा उघडता आला नाही, म्हणून भोपळा नाही. नुसती पारी खाल्ली.

ता. क. २. बार्कलीचा जनरेटर सापडला. त्यानेच भावाला दिला होता आणि विसरला होता. म्हणजे चोर कुणीच नव्हता. ताई, हे मला सोमवारीच कळलं होतं. तरीही मी मंगळवारी दुकानात गेलो.

ता. क. ३. काल सकाळी रॉइस घरी आला. इकडची रीत तुला ठाऊक आहे: ज्याच्या घरात दुःख साचलंय त्याची हत्यारं दुकानदार आपल्या कपाटात ठेवून घेतो, जास्त विचारत नाही. वडिलांचं रिव्हॉल्व्हर मीच नडीनच्या एप्रनमध्ये गुंडाळून त्याच्या हातात दिलं. ते परत कुणाच्या हाती द्यायचं, असं त्याने विचारलं, तेव्हा तुझं नाव सांगितलं. डॉक्टरकडे सोमवारी तो मला स्वतः नेणार आहे. पण रिव्हॉल्व्हर न्यायला येऊ नकोस. माझ्याकडे ये. एकटं राहता येतं हे मी जोलीनला सांगतोय, पण मला ते येत नाही. तुझे दोन्ही हात घेऊन ये. बाहीचं बटण मे महिन्यापासून उघडं आहे.