आईच्या आईचं माहेर

द्वारका, नाशिक
११ डिसेंबर २००३

प्रिय मनीषा,

रविवारी फोनवर तू रडलीस. रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल केलीस असा ठपका तुझ्या संशोधनाच्या सरांनी ठेवला, सायखेड्याचे सगळे नमुने बाद करतो म्हणाले, आणि मी नुसती हो-हो करत राहिले. बाबा एकलहऱ्याहून ड्यूटी संपवून आले तरी मी फोनजवळच बसलेली. तोंडानं सांगायचा धीर नाही, म्हणून लिहितेय.

सायखेड्याच्या शाळेत रक्त घ्यायला आलीस तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सुईला घाबरणाऱ्या कुसाबाईला असं बोलण्यात गुंतवलंस की रक्त कधी काढलं तिला कळलंच नाही. पेशीतला एक डीएनए आईकडूनच येतो, मुलाला मिळतो पण पुढे देते ती लेकच, हे इतकं सोपं करून सांगितलंस, की गोजराबाई म्हणाली, मंग वंशाचा दिवा म्हनायचं तरी कोनाला? केवढा अभिमान वाटला मला. बापाच्या पिढ्या आपल्याकडे तोंडपाठ असतात, पण आईच्या आईचं माहेर विचारलंस तर निम्म्या बायका गप्प.

माझी आई, तुझी आजी, मात्र बोलणार होती. मीच मध्ये तोंड घातलं आणि 'सिन्नरकडची, माळ्याची' असं सांगून टाकलं. वहिनी शेजारी उभी, तिच्या ललितची सोयरीक जुळत आलेली. तू विश्वासानं लिहून घेतलंस. आता आजीचं रक्त पेठच्या कोकणा आदिवासी बायकांशी तंतोतंत जुळतंय आणि बोलणी तू खातेस. चोर सोडून संन्याशाला फाशी.

तुझी आजी पेठकडचीच गं. मंगळू नावाच्या मजुराची लेक, भागी. भातकापणी आटोपली की ती माणसं खाली मळ्यांत कामाला यायची. तुझ्या आजोबांनी तिच्याशी लग्न केलं, नाव बदलून रंगूबाई ठेवलं आणि भावकीला सिन्नरची अनाथ पोर म्हणून सांगितलं. कोबीची रोपं लावावीत तर तिनंच, असं पुढे तीच भावकी म्हणायची. माहेरचं नाव तिनं कधी काढलं नाही. दर भाऊबीजेला चंद्राला ओवाळायची. डोंगरात दोन भाऊ होते तिला. मला हे माझ्या लग्नाआधी कळलं, आणि मीही झाकूनच ठेवलं. तिची लाज वाटली मला, याची आता लाज वाटते.

काल सायखेड्याला जाऊन तिला सगळं सांगितलं. वाटलं, ललितचं लग्न होईपर्यंत थांब म्हणेल. तिनं खुरपं खाली ठेवलं. म्हणाली, "पोरीवर आळ नको. माझं नाव भागी लिव, गाव बी लिव. सोयरीक मोडली तं मोडली, ललितला मी सांगते." एवढं बोलून पुन्हा निंदायला लागली. तेव्हा फॉर्म दुरुस्त कर: भागीबाई, मंगळूची लेक, कोकणा, तालुका पेठ. सरांना हे पत्र खुशाल दाखव. तरी पटलं नाही, तर तुझं स्वतःचं रक्त तपासून त्यांच्यापुढे ठेव, तेच निघेल. नळी बदलली नव्हती, मनी. खोटं मी बोलले होते.

तुझीच,
आई