शिंगाड्यात फसलेला डोंगा

तीर्थरूप गुलाबमामांना भाची रोशनीचा पाया पडून नमस्कार. मामींच्या गुडघ्यांची चौकशी वेगळी करते (आमच्याकडे यायचं म्हटलं की ते दुखतात आणि माहेरी जाताना पळतात, असं आई म्हणते, मी नाही). इकडे सगळे बरे. बाबा तर इतके बरे आहेत की सात दिवसांपासून माझ्याशी बोललेले नाहीत.

कारण सांगते, पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल. आमच्या घरात सुई म्हणजे वाघापेक्षा वाईट. वाघ निदान जीपमधून येत नाही. आणीबाणीत मोठ्या बाबांना, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाला, धान्य मिळेल म्हणून जीपमध्ये बसवलं आणि नसबंदी करून सोडलं. तेव्हापासून सुईवाल्याला दार नाही, हा आमच्या बाबांचा कायदा. नर्सबाई गावात शिरल्या की बाबा आम्हा पोरांना डोंग्यात घालून तलावाच्या मधोमध नेऊन बसवायचे. (सगळे पाढे मी तिथेच पाठ केले. सोळाच्या पाढ्याला मला अजून चिखलाचा वास येतो.) पुढे माझी पाठची कुंता गोवरात गेली. सुई दिली असती तर, असं आईने एकदाच विचारलं. बाबा उठून जाळं विणत बसले.

दुसऱ्या वर्षी कमळाबाई नावाच्या नवीन नर्स आल्या. माझा धाकटा भाऊ हेमराज तेव्हा दहा महिन्यांचा. बाबांनी नेहमीसारखं आम्हा दोघांना डोंग्यात घातलं. पण ही बाई निघाली आमच्यासारखीच, मासे मारणाऱ्यांची लेक. तिने पदर खोचला, बर्फाचा निळा डबा पायाशी ठेवला, नथ्थूकाकाचा डोंगा सोडला आणि बांबू टेकत निघाली. तलावाच्या पाळीवर अख्खं गाव गोळा झालं. बाबा पुढे, बाई मागे. बाई ओरडतही नव्हती, नुसती येत होती. आणि बाबांनी जी चूक आमच्यातलं शेंबडं पोरगंही करत नाही ती केली. डोंगा सरळ शिंगाड्याच्या वेलींत घातला! वेली बांबूला गुंडाळल्या, डोंगा जागचा हलेना. (वेली कोणी लावल्या होत्या? बाबांनीच.) कमळाबाई शेजारी येऊन म्हणाल्या, "इस्तारीभाऊ, पोराले तुमी धरता का पोरगी धरते?" बाबा आभाळाकडे पाहत राहिले. मीच धरलं. हेमराज रडला, मी रडले, पाळीवरचे लोक पोट धरून हसले. मोठं होऊन आपणही हेच करायचं, हे मी त्या डोंग्यातच ठरवलं.

आणि मामा, गडचिरोलीला नर्सच्या कोर्सला माझा नंबर लागला! बाबांना सांगितलं तर ते ताटावरून उठले. "माह्याच घरातून सुई निघन काय?" म्हणाले, ते शेवटचं बोलणं.

बाकी ठीक. मोठ्यांना नमस्कार, प्रफुलला अभ्यास कर म्हणावं.

तुमची भाची,
रोशनी

ता.क. खरं काम लिहायचं राहिलं. फॉर्मवर वडिलांची सही लागते आणि सोमवार शेवटचा दिवस आहे. रविवारच्या पहिल्या एसटीने या. बाबा तुमचं ऐकतात (म्हणजे ऐकत नाहीत, पण तुमच्यासमोरून उठून जात नाहीत). नाहीतर माझं वर्ष गेलं, आणि पुढच्या वर्षी माझं लग्नच लावतील.

आणखी ता.क. पत्र मी आईला वाचून दाखवत होते, बाबा दाराआडून ऐकत होते. सात दिवसांनी बोलले ते माझी चूक काढायलाच. "वीस वर्षांपासून शिंगाडे लावून राह्यलो. माहा डोंगा शिंगाड्यात फसन काय? कुंता गेल्यापासून त्या बाईचीच वाट पाहून राह्यलो होतो. पण साऱ्या गावासमोर थांबू कसा?" मला पत्रातली पुढची ओळ दिसेना. मग बाबांनी विचारलं, "सही कुठी करू?"

सही झाली मामा. तरी रविवारी या. सोमवारी मला पोचवायला बसस्टँडवर जायचं आहे, आणि बाबा म्हणतात, मी एकटाच रडू काय?