हिरवा सोफा

मंगळवार, दुपार

लाडके छबुडे,

आधी आला तो पैलवान. फुंकर मारली तर उडेल असा माणूस, पण आजोबांबरोबर छापखान्यात कागदाचे गठ्ठे उचलायचा म्हणून पैलवान. मागून खिळे जुळवणारा कंपोझिटर, जिना चढून धापा टाकत. दारातूनच ओरडला, "वहिनी, आमचा फोरमन आहे का घरी, का पळाला?" अगं, तुझे आजोबा असे हसले की मी स्वयंपाकघरातून धावत आले. गुडघ्याचं दुखणं लागल्यापासून त्यांचं असं हसू ऐकलंच नव्हतं.

बघ, तुला आशीर्वाद द्यायचे राहिलेच. पोटभर आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. तूही वेळेवर जेवत जा.

तर, दोघांना तुझ्या पहिल्या पगाराच्या सोफ्यावर बसवलं आणि मध्ये आजोबांना. सध्या त्याच्या एका गादीचं कव्हर धुऊन दोरीवर घातलंय. ते सांगतेच पुढे.

मी काय मिरवले त्या दिवशी! तीन दुकानं कशी पालथी घातली ते पाहुण्यांना सगळं सांगितलं. बागेसमोरच्या दुकानात नुसता चकचकाट. टिचकी मारली तर खोक्यासारखा आवाज, आणि बैठकीखालचा खण ओढला तर मूठच हातात आली. शेजारची शिवणवाली होती बरोबर, तिने तर सोफा उलटा करून खालची शिवण बघितली. दुकानदाराचा चेहरा बघायला हवा होतास! पुलाजवळच्या दुकानातलं लाकूड खरं, जोड घट्ट, शिवणही दुहेरी. पण बैठक उंच, पाठ ताठ, रंग तपकिरी. दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटलं मला. आणि तिसऱ्या दुकानात हा हिरवा. बारीक पाय, खोल बैठक, मऊ मऊ. बसले तर अशी आत गेले की शिवणवाली म्हणाली, "आजी, दिसेनाशा झालात की!" केवढ्या हसलो आम्ही.

पुलाजवळचा पोरगेला विक्रेता म्हणाला होता, "घरात वयस्कर कोणी असेल तर हाच घ्या. लाकडी हातावर जोर देऊन उठता येतं." मी फणकारले त्याच्यावर, "वयस्कर कोण रे?" आणि तिथून निघालेच.

छबुडे, तू फोनवर विचारलं होतंस, आजोबांनी बसून बघितलं ना? मी हो म्हटलं. ते आलेच नव्हते गं. चप्पल घालून तयार झाले होते, मीच म्हटलं, "तुम्हाला काय कळतंय रंगातलं? बसा घरी." त्यांनी चप्पल काढून ठेवली.

आता पुढचं लिहायला हात रेटत नाही. फोनवर सांगितलं असतं, पण ते आतल्या खोलीत असतात आणि भिंतीपलीकडचं सगळं ऐकू जातं.

पाहुण्यांपुढे मी बडबडत होते आणि ते मधूनच पुढे सरकायचे, हात टेकायचे, पण हात गादीत रुतायचा. मला खूण केली. "अगं, जरा हात दे." हळूच म्हणाले. मला कळलं होतं त्यांना कुठे जायचंय ते. पण माझं तिसऱ्या दुकानाचं वर्णन रंगात आलेलं. मी म्हटलं, "बसा हो जरा, पाहुणे कुठे रोज येतात?" पुन्हा एकदा बघितलं माझ्याकडे. मग नाही बघितलं.

त्यानंतर ते बोलेचनात. कंपोझिटरने विचारलेल्याला नुसती मान. दोघं उठले तरी हे बसूनच. पैलवानाला समजलं असावं. तो म्हणाला, "फोरमन, उठू नकोस रे, आमच्यासाठी कसला मान!" आणि मित्राला ओढत बाहेर नेलं. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडून आले, दार लावून वळले तर हे म्हणाले, "टॉवेल आण." एवढंच. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं गं.

तेव्हापासून बाहेरच्या खोलीत येत नाहीत. चहाही आतच. म्हणतात, "कोणी आलं तर झोपलोय म्हणून सांग."

काल मी म्हटलं, "चला, पुलाजवळच्या दुकानात." तर म्हणाले, "मला काय कळतंय रंगातलं?" माझंच वाक्य, पण आवाज न चढवता. मी उठले. चप्पल आणून त्यांच्या पायाशी ठेवली आणि उभी राहिले. खूप वेळाने पाय घातले त्यांनी.

दुकानात त्या तपकिरी सोफ्यावर बसले. लाकडी हात धरले आणि उठले. परत बसले, परत उठले. तो विक्रेता मला ओळखून हसत होता, मी भिंतीकडे बघत राहिले. यांनी त्याला विचारलं, "शनिवारपर्यंत घरी पोचेल का?"

येताना रस्ता ओलांडताना मी हात पुढे केला, तर त्यांनी खांबाला धरलं. अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. बोलू देत. माझंच चुकलंय.

तुझा सोफा शिवणवालीकडे देऊ का? तिच्या गिऱ्हाइकांना बसायला हवाय. तू किती हौसेने घेऊन दिलास, आणि मी तुला खोटं सांगून तो आणला. तुला राग येईल तर येऊ दे, पण आजोबांना फोनवर यातलं काही विचारू नकोस. नेहमीसारखीच बोल.

पैलवान जिन्यात मला म्हणाला होता ते मी यांना सांगितलंच नव्हतं. धीर झाला नाही. तरी दुकानात शनिवारचं त्यांनी आपणहून विचारलं, म्हणजे आत टॉवेलची वाट बघत बसल्या जागी ऐकलं असणार.

तुझी, तोंड वर करून बघायला लाजणारी,
आजी

ता. क. पैलवान जिन्यात एवढंच म्हणाला होता, "येत्या रविवारी आम्ही दोघं परत येतो."