ट्रेमधली वर्तुळं

चि. राजेश्रीस,

तू जपानहून पाठवलेल्या लाकडी ट्रेविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. डाग पडेल म्हणून तुझी आई त्यावर साधा कप टेकवू देत नाही. ट्रे असून चहा हातात धरून पिणारा जिंतुरात मी एकटाच असेन.

परवा तिकडं जपानात तुझ्या भागात भूकंप झाला. तेव्हापासून तुझा फोन लागत नाही. टीव्हीवर नकाशात धक्क्याची वर्तुळं दाखवली, हुबेहूब ट्रेच्या लाकडात आहेत तशी. मी ट्रे भिंतीकडं तोंड करून ठेवला. हसू नकोस, लय भीती वाटायलीय.

दोन दिवस घरात काही शिजलं नाही, हे बघून शेजारच्या झुंबरमावशी पिठलं-भाकरी घेऊन आल्या. मयताच्या घरी नेतात तसं! मी ओरडलो, "आमच्यात कोण मेलंय?"

"कुणी न्हाई मेलं, माणिकराव. म्हणूनच जेवा म्हणायलेय," असं सुनावून त्या ताट ठेवून गेल्या.

हे पत्र मी टाकणार नाही. तू फोन उचललास की फक्त 'जेवलीस का?' विचारीन.

शेजारचं ताट रिकामं परत करायची आपल्यात रीत नाही. म्हणून मीच गॅस पेटवला, शिरा केला आणि मावशींच्या ताटात भरून त्यांच्या दारात देऊन आलो. ओरडल्याबद्दल तूप जरा जास्तच घातलं होतं.

फोनजवळ बसलेला,
तुझा बाप