एकाच इमारतीतले दोन फोन

१४ जानेवारी
फ्रीझनने आज ऑफिसच्या चॅट ग्रुपवर, सगळ्यांसमोर माझं काम फाडलं. तो टीमचा प्रमुख, त्याच्या होकाराशिवाय कोडची एक ओळ पुढे सरकत नाही. "नोरीन, हे लिहिताना डोकं घरी ठेवून आली होतीस का?" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. शेजारच्या टेबलावरच्या ओरेस्टचाही होता. नंतर कॉफी घेताना हळूच म्हणाला, "मनावर घेऊ नकोस. जो हसत नाही, पुढचा नंबर त्याचा लागतो."

१५ जानेवारी
बसमधून एक स्टॉप आधीच उतरले, ऑफिसला चालत गेले.

१९ जानेवारी
प्रोग्राममध्ये एक चूक सापडली — माझी नाही. विनिपेग शहराच्या अँब्युलन्स आमच्या प्रोग्रामवर धावतात. एकाच इमारतीतून पाठोपाठ दोन फोन आले, की प्रोग्राम दुसरा फोन म्हणजे पहिलाच असं धरतो आणि पुसून टाकतो. वर कुणाच्या छातीत कळ आलेली, खाली कुणी जिन्यावरून पडलेलं — गाडी एकच जाणार. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. तेच.
तो भाग फ्रीझनने स्वतः लिहिलाय.

२० जानेवारी
सांगितलं नाही.

२१ जानेवारी
ओरेस्टला दाखवलं. तो पांढराफटक पडला.
"त्याच्या कोडमध्ये? तुझ्या आधी इथे लॉरेल होती, तिने एकदाच त्याची चूक काढली होती. तिला सगळ्यांसमोर 'प्रोफेसरबाई' म्हणत राहिला, ती नोकरी सोडून जाईपर्यंत."
"अरे, पण माणसं मरतील."
"मग सांग. फक्त माझं नाव घेऊ नकोस."
संध्याकाळी आईचा फोन. ती राहते ती इमारत म्हाताऱ्या माणसांनी भरलेली आहे. काय बोलले तिच्याशी, आठवत नाही.

२२ जानेवारी
पाठवलं. ग्रुपवरच, सगळ्यांना दिसेल असं. त्याचं नाव लिहितानाही चुकले.
फ्रीझन: "ज्यांना स्वतःचं धड लिहिता येत नाही, त्यांनी दुसऱ्याचं तपासू नये. विषय बंद."
या वेळी एकही हसरा चेहरा नाही. ते जास्त भीतिदायक वाटलं. मी लिहिलं, "एकदा चालवून बघा, प्लीज." दुपारी डबा उघडलाच नाही. बहुतेक काढतील मला.

२३ जानेवारी
फ्रीझनने खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. मी खुर्ची घट्ट धरून बसले होते. तो ओरडला नाही.
"मला उन्हाळ्यापासून माहीत आहे," म्हणाला. "सांगितलं असतं, तर मी तुम्हाला जे बोलतो तेच तुम्ही मला बोलला असतात."
"उन्हाळ्यापासून किती फोन पुसले गेले?"
त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "बघायची हिंमत झाली नाही."
मी उठून दार उघडलं. "ओरेस्ट, आत ये. सगळेच या. किती फोन पुसले गेले, मिळून मोजू."